सारखी गाडी, निराळे हात

सगळ्यांच्या हाती अगदी सारखं साधन दिलं, तर स्पर्धा खरी होते का? हा प्रश्न परीक्षेच्या संदर्भात विचारता येईल, नोकरीच्या संदर्भातही विचारता येईल. आज मी तो मोटारींच्या शर्यतीच्या निमित्तानं विचारणार आहे. कवीचा आणि मोटारीच्या शर्यतीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. थोडा धीर धरा, संबंध ओघात येईलच.

मोटारींची शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वन येते. उघड्या चाकांची, विमानासारखी दिसणारी गाडी. तशी गाडी तुमच्याआमच्या गल्लीत कधी येणार नाही. पण जगात आणखी एक प्रकार फार लोकप्रिय आहे, तो म्हणजे टूरिंग कारची शर्यत. यातल्या गाड्या दिसायला आपल्या दारातल्या गाड्यांसारख्या असतात. चार दरवाजे, डिकी, पुढे कंपनीचं ओळखीचं बोधचिन्ह. प्रेक्षकाला वाटतं, माझ्याकडे आहे तीच गाडी धावते आहे. तिच्यात त्याचा जीव गुंततो. कंपनीलाही हेच हवं असतं. रविवारी गाडी जिंकली की सोमवारी शोरूममध्ये गिऱ्हाईक येतं, असं या धंद्यातलं जुनं गणित आहे.

पण याच गणितानं हा खेळ अनेकदा अडचणीत आणला. १९९० च्या दशकात युरोपात दोन लिटर इंजिनाच्या 'सुपर टूरिंग' गाड्यांचा जमाना होता. सुरुवातीला नियम सोपे होते, खर्च आवाक्यात होता. मग एका कंपनीनं जास्त पैसा ओतला, म्हणून दुसरीनं ओतला, म्हणून तिसरीनं. गाडी बाहेरून घरगुती दिसे. आतला प्रत्येक भाग मात्र खास घडवलेला आणि महागडा. लहान संघ एकेक करून गळाले. मग मोठ्या कंपन्यांनाही खर्च परवडेनासा झाला. इंग्लंडच्या राष्ट्रीय मालिकेत २००० साली फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल या तीनच कंपन्या मैदानात उरल्या होत्या. त्या वर्षाअखेर तिथला सुपर टूरिंगचा खेळ संपला. ज्याच्याकडे जास्त पैसा तो जिंकणार, हे एकदा प्रेक्षकाला कळलं की तो तिकीट कशाला काढील?

या दुखण्यावर एक उपाय निघाला. गाड्याच सारख्या करून टाकायच्या. हा उपाय कसा चालतो हे समजून घ्यायचं तर स्वीडनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं.

स्वीडन हा लहान लोकसंख्येचा देश. २०१२ साली तिथं ९५ लाखांच्या आसपास माणसं होती, म्हणजे एकट्या मुंबईपेक्षा कमी. तरीही या देशानं जगाला व्होल्वो आणि साब अशा दोन नामांकित मोटारी दिल्या. तिथली टूरिंग कारची राष्ट्रीय मालिका, एसटीसीसी, १९९६ साली सुरू झाली. २०११ मध्ये शेजारच्या डेन्मार्कची मालिका तिच्यात सामील झाली. पण तिथल्या काही प्रमुख संघांना वाटलं, की आंतरराष्ट्रीय नियमांच्या गाड्या परवडत नाहीत आणि सूत्रं आपल्या हाती नाहीत. त्यांनी वेगळी चूल मांडली. संघांनीच स्थापन केलेली ही नवी मालिका 'टीटीए' या नावानं २०१२ च्या हंगामात धावू लागली.

तिची गाडी कशी होती ते ऐका. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, फ्रान्समधल्या एका कारखान्यानं सगळ्यांसाठी एकाच नमुन्यावर बनवलेला. इंजिन सगळ्यांना एकच, साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, सुमारे ४२० अश्वशक्तीचं. गिअरबॉक्स तोच, ब्रेक तेच. या सांगाड्यावर बाहेरून कवच चढवायचं. कुणी व्होल्वोचं चढवलं, कुणी बीएमडब्ल्यूचं, कुणी साबचं. म्हणजे अंगरखा ज्याचा त्याचा, हाडं सगळ्यांची सारखी. या जातीच्या गाडीला 'सिल्हूट' म्हणतात. सिल्हूट म्हणजे छायाकृती. बाहेरची रेषा तेवढी त्या कंपनीची.

यातला साबचा भाग मला चटका लावून जातो. साब कंपनीनं डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. म्हणजे २०१२ मध्ये शर्यतीत साबची आकृती धावत होती, तेव्हा तिला बनवणारी कंपनी बुडालेली होती. जुन्या नियमात हे अवघड झालं असतं, कारण कंपनीच नाही तर तिचे भाग कुठून आणणार? सारख्या सांगाड्यामुळे एका कारखान्याची आठवण मैदानावर टिकून राहिली.

आता माझा संबंध सांगतो. उर्दू शायरीत तरही मुशायरा नावाची एक रीत आहे. संयोजक सगळ्या शायरांना आधीच एक ओळ देतात. त्या ओळीचं वृत्त तेच, काफिया तोच, रदीफ तोच धरून प्रत्येकानं आपली गझल लिहून आणायची. मी तरुणपणी अशा बैठकांना जाऊन बसत असे, पुढे मराठी गझल लिहू लागल्यावर आम्ही मित्रांनी मराठीतही तो खेळ खेळून पाहिला. बाहेरच्या माणसाला वाटेल, सगळ्यांच्या गझला एकसारख्या होणार आणि ऐकणारे कंटाळणार. प्रत्यक्षात उलट घडतं. साचा एकच असल्यामुळे कोण किती पाण्यात आहे हे लगेच कळतं. एरवी वृत्ताच्या नवलाईमागे, विषयाच्या भारदस्तपणामागे लपता येतं. तरही मुशायऱ्यात लपायला जागा नसते. टीटीएची गाडी ही मला त्या दिलेल्या ओळीसारखी वाटते.

मात्र गाड्या सारख्या आहेत असं नुसतं जाहीर करून भागत नाही. ते सारखेपण राखावं लागतं, आणि ते फार किचकट काम आहे. अशा मालिकांमध्ये इंजिनाला सील ठोकतात, म्हणजे संघानं ते उघडून आत काही कारागिरी करू नये. टायर एकाच कंपनीचे, आणि ते किती वापरायचे याची मर्यादा ठरलेली. शर्यतीनंतर तपासनीस गाडीचं वजन करतात, जमिनीपासूनची उंची मोजतात. अनेक टूरिंग मालिकांमध्ये तर जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या फेरीसाठी वजन ठेवतात, म्हणजे यशाचा बोजा त्यानं अक्षरशः वाहायचा. त्यामुळे मागचे गाठू शकतात आणि चुरस टिकते.

एवढं करूनही काही गोष्टी संघाच्या हातात राहतात. स्प्रिंग किती कडक ठेवायची, टायरमध्ये हवा किती भरायची, चाकाचा कोन किती कलता ठेवायचा, मागचा पंख किती उभा करायचा. आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शायरसाब, एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन रिक्षा वर्षभरानं माझ्याकडे आणा. कुठली कुणाच्या हातात होती ते मी डोळे मिटून सांगतो." त्यांनी स्वीडन पाहिलेलं नाही, पण मुद्दा अचूक पकडला.

आता निकाल पाहू. २०१२ मध्ये एका लहान देशात दोन मालिका समोरासमोर उभ्या राहिल्या. टीटीएचं विजेतेपद बीएमडब्ल्यूच्या कवचातल्या फ्रेडरिक एकब्लोमनं पटकावलं. जुन्या एसटीसीसीचं योहान क्रिस्टोफरसननं. हाच क्रिस्टोफरसन पुढे रॅलीक्रॉसचा अनेकदा जगज्जेता झाला. म्हणजे गुणी माणसं दोन्हीकडे होती, पण त्यांची आपसात गाठच पडत नव्हती. प्रेक्षक वाटला गेला, प्रायोजकही वाटले गेले. एका वर्षातच शहाणपण आलं आणि २०१३ मध्ये दोन्ही मालिका एक झाल्या. नाव जुन्या मालिकेचं राहिलं, गाड्या नव्या मालिकेच्या राहिल्या. आपल्याकडे साहित्यसंस्था फुटतात, नाटकमंडळ्या फुटतात, त्या इतक्या लवकर एकत्र येताना मी क्वचित पाहिल्या आहेत.

त्यापुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षं एकच माणूस जिंकला, व्होल्वोचा थेड ब्यर्क. गाड्या सारख्या, तरी विजेता तोच! काहींना हे सारखेपणाचं अपयश वाटेल. मला तसं वाटत नाही. समान साधन म्हणजे आळीपाळीनं बक्षीस नव्हे. आणि याच साच्याच्या व्होल्वोत स्वीडनचे राजपुत्र कार्ल फिलिपही शर्यतीत उतरले होते. ते मालिकेचे विजेते झाले नाहीत. सांगाड्याला राजघराणं कळत नाही.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप अभियंत्यांचा. मोटारशर्यत ही चालवणाऱ्याची तशीच घडवणाऱ्याचीही परीक्षा असते. साचा गोठवला की घडवणाऱ्याची प्रतिभा बाद होते. दुसरा आक्षेप प्रेक्षकाचा. आत तेच इंजिन आहे हे ठाऊक असताना मी व्होल्वोसाठी टाळ्या का वाजवू? अमेरिकेत नॅसकारनं सुरक्षा आणि खर्च या दोन कारणांसाठी २००७ मध्ये जवळजवळ एकाच मापाची नवी गाडी आणली. तिच्या पहिल्याच शर्यतीत जिंकलेल्या काइल बुशनं विजयाच्या जागी उभं राहून गाडी आपल्याला मुळीच आवडली नाही असं सांगून टाकलं होतं. त्याच देशात १९७३-७४ च्या हंगामात निरनिराळ्या शर्यतींतले बारा नामवंत चालक एकसारख्या पोर्शे गाड्यांत बसवून स्पर्धा घेतली गेली. गाड्या ओळखू याव्यात म्हणून त्यांना भडक, वेगवेगळे रंग दिले होते. मार्क डोनोह्यू जिंकला. ती कल्पना मधल्या खंडांसह २००६ पर्यंत चालली, म्हणजे लोकांना तिची गोडी होती हेही खरं.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. २०१० मध्ये फोक्सवॅगननं भारतात पोलो कप ही मालिका सुरू केली. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात पोलो बनू लागली होती. कंपनीनं शर्यतीसाठी एकसारख्या गाड्या सज्ज केल्या, त्यांची निगा स्वतःकडे ठेवली, आणि चालकांनी ठरलेलं शुल्क भरून हंगामभर त्या चालवायच्या असा प्रकार होता. चेन्नईजवळच्या आणि कोइमतूरच्या धावपट्ट्यांवर फेऱ्या झाल्या. स्वतःची गाडी घेणं, मिस्त्री ठेवणं, ती गावोगाव नेणं हा सगळा भार गेल्यामुळे अनेक तरुणांना दार उघडलं. हे मोठंच काम. पण दाराशी पोचण्यासाठी शुल्क लागतंच. त्याआधी सरावाला पैसा लागतो, लहानपणी गो-कार्ट चालवायला पैसा लागतो, जवळपास धावपट्टी लागते. चाकणला गाडी जोडणाऱ्या कामगाराच्या मुलाचा हात कदाचित सगळ्यात चांगला असेल. तो त्या आसनावर बसला नाही तर ते कुणाला कळणार?

तरही मुशायऱ्यात दिलेली ओळ फुकट असते. कागद आणि पेन्सिल असली की झालं. तरी तिथंही ज्याला लिहिता येतं, ज्याच्या घरात भाषा बोलली जाते, तोच येतो. साचा सारखा केला की साच्याच्या आतला अन्याय दूर होतो. साच्याबाहेरचा जिथल्या तिथं राहतो.

म्हणून सारखेपणाची ही कल्पना टाकाऊ ठरत नाही. तिच्याकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं, एवढंच. इंग्लंडनं २०११ पासून नवे नियम आणून खर्चिक भाग सगळ्यांना एकच दिले आणि बाकी मोकळीक ठेवली. स्वीडननं २०१७ मध्ये सिल्हूट गाड्या सोडून कंपन्यांनी बनवून विकलेल्या 'टीसीआर' वर्गाच्या गाड्या स्वीकारल्या. तिथं सगळ्या गाड्या एक नसतात; वजन आणि ताकद कमीजास्त करून त्यांना बरोबरीत आणतात. २०२४ मध्ये त्याच मालिकेत विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, आणि वेगवेगळ्या कवचांखाली बहुतेक मुख्य भाग पुन्हा समान झाले. तिथले लोक साचा मोडत गेले आणि नवा करत गेले.

उद्या आपल्याकडे अशी एखादी नवी राष्ट्रीय मालिका सुरू झाली, तर इंजिन किती ताकदीचं आहे हे मी नंतर विचारीन. आधी विचारीन, सील कोण ठोकणार, तपासनीस कुणाचा, आणि पैसे नसलेल्या पण हात चांगला असलेल्या मुलासाठी किती आसनं राखून ठेवली आहेत? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तर ती शर्यत बघायला मी नक्की जाईन.