कोणत्या इमामाचं ऐकायचं?

ताडकळसच्या बचत गटांच्या बाया आम्ही. एरवी आम्ही इथं कर्जाचा हप्ता, शेळ्यांचा विमा, शिलाईची कामं यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो निघाला बचतीच्या बैठकीतच.

रमजानच्या आधीची बैठक होती. वर्षाची बचत मोजून झाली आणि जकातीचं बोलणं निघालं. एका भाभीनं विचारलं, "अंगावरच्या दागिन्यांवर जकात द्यायची असते का?" एक आपा लगेच म्हणाल्या, "द्यायचीच. आमच्या सासूबाई दरवर्षी देतात." त्यांची धाकटी जाऊ रत्नागिरीकडची. ती म्हणाली, "आमच्या माहेरी रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर कुणी देत नाही." एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघी जावा, आणि हिशोब दोन! बाकीच्या हसायला लागल्या.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक बहीण हळूच बोलली, "दागिन्यांचं सोडा. माझा नवरा कामाला म्हणून गेला, त्याला सहा वर्षं झाली. फोन नाही, पत्ता नाही. लोक म्हणतात, आपल्यात थांबावंच लागतं. मग मी किती थांबायचं? तेही इमामावर असतं का?"

बैठक गप्प झाली. तिच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. ते कसं, हे आज सांगायचं आहे. आम्ही काही आलिमा किंवा मुफ्ती नाही. जेवढं वाचलं आणि जाणत्यांना विचारलं, तेवढंच सांगतो.

सुन्नी मुसलमानांत धर्माचे नियम समजून घेण्याच्या चार मोठ्या परंपरा आहेत. त्यांना मजहब म्हणतात, आपल्याकडं बोलताना मसलकही म्हणतात. इमाम अबू हनिफा यांची हनफी, इमाम मालिक यांची मालिकी, इमाम शाफई यांची शाफई आणि इमाम अहमद बिन हंबल यांची हंबली. पहिले इमाम इराकमधल्या कूफा गावचे, ते इ.स. ७६७ मध्ये वारले. शेवटचे बगदादचे, ते ८५५ मध्ये वारले. म्हणजे या परंपरा बाराशे वर्षांच्या जुन्या आहेत. शिया बांधवांची जाफरी परंपरा वेगळी आहे.

चौघांचं कुराण एक, पैगंबर एक, नमाजाच्या वेळा पाच. फरक पडतो तो तपशिलात. एखादी हदीस कुणाला जास्त भरवशाची वाटली, एखाद्या शब्दाचा अर्थ कुणी कसा लावला, यावरून नियम थोडे वेगळे झाले. मराठवाड्यातली बहुतेक सुन्नी घरं हनफी आहेत. देवबंदी आणि बरेलवी हे आपसात कितीही वाद घालोत, फिकहमध्ये, म्हणजे नियमांच्या बाबतीत, दोघंही हनफीच. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र अरबस्तानाशी जुना समुद्री व्यापार होता, म्हणून तिथले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. मुंबईत माहीमला ज्यांचा दर्गा आहे, ते मखदूम अली माहिमी हेही शाफई परंपरेतलेच मोठे विद्वान.

आता जावांचा हिशोब सोडवू. हनफी मतानं सोनं अंगावर असो की डब्यात, जकात लागते. शाफई मतानं बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जकातीसाठी सोन्याची मर्यादा साडेसात तोळे सांगतात, तो तोळा जुना आहे, साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त. एकूण ८७.४८ ग्रॅम होतात. आज सराफ दहा ग्रॅमचा तोळा धरतो, त्या मापानं हे जवळजवळ पावणेनऊ तोळे झाले. जकात अडीच टक्के, म्हणजे शंभर ग्रॅमवर अडीच ग्रॅमची किंमत. सोन्याबरोबर रोख रक्कम असेल, तर हनफी हिशोबात दोन्ही एकत्र धरून चांदीच्या मर्यादेशी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीशी ताडून बघतात. गटात साठवलेली बचत ही तुमचीच रोकड आहे, तीही सांगा. कर्ज असेल तर तेही सांगा. मगच विचारा.

मग साध्या माणसानं एकच मसलक धरून चालावं का? याला अरबीत तकलीद म्हणतात, म्हणजे जाणत्याच्या भरवशावर चालणं.

धरून चालावं म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं. कुराण आणि हजारो हदीसी वाचून, त्यातली कोणती आधीची, कोणती नंतरची, कोणती पक्की, हे ठरवणं हे आयुष्यभराचं काम आहे. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईनं ते कधी करायचं? आपण तापासाठी डॉक्टरकडं जातो, तेव्हा औषधाचं शास्त्र शिकून मग गोळी घेत नाही. आणि एकच परंपरा धरली नाही, तर माणूस सोयीचं तेवढंच उचलतो. समजा, भाजी चिरताना बोट कापून रक्त वाहिलं. हनफी मतानं वुजू तुटला, शाफई मतानं तुटला नाही. नंतर पाण्याचा तांब्या देताना नवऱ्याच्या हाताला हात लागला. शाफई मतानं वुजू तुटला, हनफी मतानं तुटला नाही. आता एखादी म्हणाली, रक्ताला मी शाफई आणि हाताला मी हनफी, तर तिचा वुजू दोन्ही इमामांच्या मतानं गेलेला असतो! अशी खिचडी नको, असं ते सांगतात.

दुसरी बाजू अहले हदीस मंडळींची. ते म्हणतात, कुराण आणि हदीस समोर असताना एकाच इमामाला बांधून घ्यायचं कशाला? इमामांनी स्वतःच सांगून ठेवलंय, की पक्की हदीस मिळाली तर आमचं मत सोडा. कुराणाच्या सोळाव्या सूऱ्यात, माहीत नसेल तर जाणत्यांना विचारा असा उपदेश आहे. गंमत म्हणजे दोन्ही बाजू त्याचाच आधार घेतात. एक म्हणतो, बघा, विचारायला सांगितलंय. दुसरा म्हणतो, विचारा, पण पुरावाही विचारा. आणि खरं सांगायचं तर अहले हदीस घरातली साधी बाईसुद्धा शेवटी आपल्या मौलानांनाच विचारते. म्हणजे विचारणं कुणालाच चुकत नाही. खरा प्रश्न आहे तो अडचणीच्या वेळेचा. धरलेल्या वाटेवर भिंत लागली, तर दुसऱ्या वाटेनं जाता येतं का?

इथं कोपऱ्यातल्या बहिणीकडं परत येऊ. जुन्या हनफी नियमानं बेपत्ता नवऱ्याच्या बायकोनं, त्याच्या वयाचे लोक हयात नसतील इतका काळ थांबायचं. काही ग्रंथांत त्याच्या जन्मापासून नव्वद वर्षं धरली आहेत. नवरा तिशीत गेला, तर बाईनं साठ वर्षं थांबायचं! नवरा पोसत नाही, मारतो, तरी हनफी नियमानं काजीकडून लग्न मोडून मिळणं फार कठीण. मालिकी मतात मात्र बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मुदत आहे.

इंग्रजांच्या काळात पंजाबात या कोंडीला कंटाळून काही बायकांनी धर्मच सोडला, कारण धर्म सोडला की लग्न तुटलं असं तेव्हा धरत. तेव्हा उत्तर प्रदेशातल्या थानाभवनचे मौलाना अशरफ अली थानवी पुढं आले. हे स्वतः पक्के हनफी, तकलीद सोडू नका असं आयुष्यभर सांगणारे. त्यांनी मदिनेच्या मालिकी आलिमांना पत्रं पाठवून मतं मागवली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला 'अल-हीलतुन नाजिजा' हे पुस्तक काढलं. अशा अडचणीत हनफी बाईसाठी मालिकी मत घेता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. मनाला येईल तशी ही उचल नव्हती. आपल्या परंपरेतच अडचणीसाठी ठेवलेला दरवाजा त्यांनी उघडला.

पुढं काझमी नावाच्या सदस्यांनी दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणलं. हनफी नियमानं हाल होत असतील तर मालिकी, शाफई किंवा हंबली मत लावायला हनफी विद्वानांचीच परवानगी आहे, हे त्याच्या उद्देशातच लिहिलं होतं. त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. खटला मुस्लिम न्यायाधीशापुढंच चालावा असं उलेमांना हवं होतं, ते मात्र झालं नाही. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हा कायदा नंतर इथंही लागू झाला आणि आजही आहे.

बायांनो, हे लिहून ठेवा. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, दोन वर्षं त्यानं खायला घातलं नसेल, त्याला सात वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल, तो छळ करत असेल, तर बाई न्यायालयातून लग्न मोडून घेऊ शकते. अशी आणखीही कारणं कायद्यात आहेत. नवरा बेपत्ता असेल तर दाव्यात त्याच्या वारसांची नावं द्यावी लागतात आणि त्यांना नोटीस जाते. हुकूमनामा झाल्यावर सहा महिने थांबावं लागतं. त्या मुदतीत नवरा परत आला आणि नांदवायला तयार असल्याची न्यायालयाची खात्री झाली, तर हुकूमनामा रद्द होतो. या कायद्यानं मेहरचा हक्क बुडत नाही. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिथं उत्पन्नाची अट नाही. परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० वर फोन करा.

काही आलिम न्यायालयासोबत दारुल कजाचाही निकाल घ्यायला सांगतात. मनाच्या समाधानासाठी जरूर घ्या, इद्दतीचंही तिथं विचारा. पण दारुल कजाचा निकाल कायद्यानं बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलंय. पुढं निकाह करायचा असेल, मुलांची कागदपत्रं करायची असतील, तर न्यायालयाचा कागद हाती हवा.

मग आमचं मत काय? नमाज, रोजा, जकात रोजच्या रोज ज्या वाटेनं शिकलात, तीच वाट धरा. घरातला गोंधळ टळतो. जाऊबाई दुसऱ्या वाटेनं चालत असेल तर तिला चूक म्हणू नका. मात्र कुणी "आपल्यात असंच असतं, थांब" असं म्हणून तुमचं आयुष्य अडवलं, तर विचारा, "हे कोणत्या इमामाचं मत? अडचणीत दुसरं मत घेता येतं का?" हा प्रश्न विचारणं म्हणजे बंडखोरी नव्हे. मोठमोठ्या आलिमांनी तो आपल्या आधीच विचारलाय.

जावांचं भांडण त्याच दिवशी मिटलं. मोठीनं जकात दिली, धाकटीनं दागिन्याऐवजी खुशीनं खैरात दिली. आणि कोपऱ्यातल्या त्या बहिणीबरोबर आमच्यातल्या दोघी परभणीला जाऊन आल्या. निकाहनामा सापडला, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची पोच सापडली, दिराचं नाव-पत्ता लिहून घेतला. दावा अजून लागायचा आहे. पण मागच्या बैठकीत ती कोपऱ्यात नव्हती, आमच्यात येऊन बसली होती.

तुमच्या गटात असा प्रश्न कुणाच्या ओठावर अडला असेल, तर पुढच्या बैठकीत तिला आधी बोलू द्या. हप्त्याचा हिशोब मागून करता येतो.