नियम किंचित वाकवला तर?

विद्यार्थी मित्रांनो, वही-पेन्सिल घेऊन बसा. आज गुणाकाराचा एक नियम आपण थोडासा वाकवून पाहू.

'प' नावाची एक नवी संख्या कल्पा. ती शून्य नाही, पण प×प मात्र शून्य! दचकू नका, बाकी सारे नियम नेहमीचेच. आता (१ + अ×प) ला (१ + ब×प) ने गुणा. शेवटचे पद नाहीसे होऊन उत्तर येते १ + (अ+ब)×प. गुणाकार केला, आणि अ व ब यांची बेरीज झाली! वेगांची बेरीज आपण अशीच करतो. ताशी ६० किलोमीटर धावणाऱ्या आगगाडीत तुम्ही पुढच्या दिशेने ताशी ५ किलोमीटर चाललात, तर रुळांजवळ उभ्या माणसाच्या दृष्टीने तुमचा वेग ६५.

आता प×प शून्य न मानता ती एक छोटी संख्या 'क' माना आणि तोच गुणाकार पुन्हा करा. उत्तर येते (१ + क×अ×ब) + (अ+ब)×प. पहिले पद पूर्वीसारखे १ व्हावे म्हणून साऱ्याला त्याने भागा. 'प'चा गुणक होतो (अ+ब) भागिले (१ + क×अ×ब).

हे तर आइन्स्टाइनचे १९०५ सालचे वेगांच्या बेरजेचे सूत्र! तेथे 'क' म्हणजे १ भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर असल्याने 'क' इतका लहान, की आगगाडीत फरक कळतच नाही. पण सेकंदाला दीड लक्ष किलोमीटर अधिक दीड लक्ष किलोमीटर घ्या. उत्तर ३ लक्ष नव्हे, २ लक्ष ४० हजार येते. ('क' ऋण घेतलात तर त्रिकोणमितीतले एक ओळखीचे सूत्र भेटेल. ते तुम्हीच शोधा.)

खरी गंमत पुढेच आहे. 'क' धन असताना तो आणखी थोडा बदलला तरी बिघडत नाही. मोजण्याचे एकक बदलले की जुनीच रचना परत मिळते. अशी रचना दृढ होय. शून्यावरची रचना मात्र नाजूक. केसभर ढकलली की शून्याखेरीज जिचा वर्ग शून्य आहे अशी संख्याच तिच्यात उरत नाही. आणि 'क' अगदी शून्यच आहे, असे कोणते मोजमाप सांगू शकेल?

कोणती रचना दृढ आणि कोणती वाकणारी, हे तपासण्याची पद्धतशीर रीत अमेरिकन गणिती मरे गर्स्टनहाबर यांनी १९६४ साली मांडली. तिला विरूपण सिद्धांत म्हणतात. वाकवताना अट एकच, कंस कोठेही टाकले तरी गुणाकार तोच यावा.

वेगांचा जुना नियम असाच वाकण्याजोगा होता. ही कल्पना एखाद्या गणित्याला केवळ विचारानेही सुचू शकली असती, असे मिंकोव्स्की यांनी १९०८ साली कोलोन येथील व्याख्यानात बोलून दाखवले. सुचली मात्र कोणालाच नव्हती.