सातबारा फुकटात दिसतो, मग १५ रुपये कशाचे? वेब पोर्टल म्हणजे नेमकं काय, समजून घ्या

मोबाईलवर सातबारा उघडला, प्रिंट काढली, पीक कर्जासाठी बँकेत नेली. पण बँकेने ती घेतली नाही. असं का होतं?

कारण 'महाभूलेख'वर मोफत दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. कायदेशीर किंवा शासकीय कामासाठी तो चालत नाही. कामाला येतो तो डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा. तो महसूल विभागाच्याच पोर्टलवर १५ रुपये भरून डाउनलोड करता येतो. दोन्हींवरचा मजकूर सारखाच वाटतो, पण एक बघण्यासाठी आहे आणि दुसरा दाखवण्यासाठी.

साधी वेबसाइट आणि पोर्टल यांतला फरकही इथेच कळतो. वेबसाइट प्रामुख्याने माहिती देते. पोर्टलवर तुम्ही लॉगिन करता, अर्ज भरता, पैसे भरता, कागद मिळवता. पोर्टल या शब्दाचा अर्थच मुळी प्रवेशद्वार. दार एक, पण आत खोल्या अनेक.

ही कल्पना सरकारची नाही. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी आवडत्या वेबसाइट्सची यादी केली, तिचंच पुढे 'याहू' झालं. बातम्या, ईमेल, हवामान, शेअर बाजार, सगळं एकाच पानावर. भारतात १९९६ मध्ये 'रेडिफ' आलं. नंतर सर्च इंजिनं इतकी चांगली झाली की असं पान उघडायची गरजच कमी झाली. सरकारी कामाचं मात्र तसं नाही. उत्पन्नाचा दाखला सर्च करून सापडत नाही, तो कुणीतरी द्यावा लागतो.

महाराष्ट्रात 'आपले सरकार' हे त्यासाठीचं पोर्टल. उत्पन्न, वय-अधिवास असे दाखले आणि वेगवेगळ्या विभागांच्या सेवा इथे एकत्र मिळतात. यामागे २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. म्हणजे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. उशीर झाला किंवा अर्ज विनाकारण नाकारला, तर आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे दोन अपिलं आणि त्यानंतर थेट आयोगाकडे जाता येतं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणून अर्ज केल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवा. केंद्रावरून अर्ज भरून घेतला असेल, तर पावती मागून घ्या. ती नसेल तर मुदत कधी सुरू झाली, हे सांगणार कसं?

सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी लिंक सरकारीच असेल, असंही समजू नका. ती जाहिरात असू शकते. नावात 'महा' किंवा 'सेवा' असणं हा काही पुरावा नव्हे. पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो का, ते पैसे भरण्याआधी तपासा.

आणि तो १५ रुपयांचा सातबारा? त्याला तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. त्यावर पडताळणी क्रमांक असतो. बँकेला शंका आलीच, तर तो क्रमांक पोर्टलवर टाकून कागद खरा आहे की नाही, हे तिथल्या तिथे बघता येतं.