गीतांतील नाममुद्रा आणि विस्मृत गायिका

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ या गांवीं तानाजी मालुसरे यांची समाधि आहे. सिंहगडच्या प्रसंगाचा विचार करतांना अभ्यासकास शाहीर तुळशीदासाचा पोवाडा दृष्टीआड करतां येत नाहीं. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हांपासून गेय रचना हें इतिहासाचें एक साधन मानलें गेलें. शाहीर कवनाच्या अखेरीस आपलें नांव गुंफतो, म्हणून तें टिकलें. उलट महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्टींत जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांच्या ओव्या राहिल्या, नांवें गेलीं. कर्तृत्व कोणाच्या पदरीं पडतें, हें पुष्कळदां अशा नाममुद्रेवर अवलंबून असतें.

या दृष्टीनें ध्वनिमुद्रिकांकडे पाहण्याजोगें आहे. नोव्हेंबर १९०२ मध्यें गायस्बर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित केलें. तबकड्या जर्मनींतील हानोव्हर येथें तयार होत. आवाज कोणाचा हें तेथील कारागिरांस कळावें म्हणून गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत उच्चारीत. व्यवहाराच्या सोयीसाठीं झालेली ही नोंद आज अस्सल पुरावा ठरली आहे.

परंतु नांव गायिकेचें टिकलें, तरी चाल देणारीचें टिकतेंच असें नाहीं. पुण्याच्या सुंदराबाई या लावणी, ठुमरी व गझल यांकरितां प्रसिद्ध होत्या. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं निवर्तले. त्यानंतर ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें. त्यांतील पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांनीं रचलीं, सिंधूच्या भूमिकेंत तीं बालगंधर्वांनीं गाइलीं, आणि कित्येक पदांच्या चाली सुंदराबाईंच्या होत्या. नाट्यपदांत बहुधा चाल आधीं ठरे व शब्द मागून बसवीत. म्हणजे चाल देणारी व्यक्ति ही साहाय्यक नसून रचनेचीच भागीदार होय. तरीही रसिकांच्या तोंडीं गडकरी, गुर्जर व गंधर्व हींच नांवें राहिलीं. पुढें १९३९ च्या ‘माणूस’ बोलपटांत सुंदराबाईंनीं भूमिका केली.

हा प्रकार आपल्याकडेच घडला असें नव्हे. अमेरिकेंत जॅझ संगीताच्या आरंभकाळीं, १९२३ सालीं, किंग ऑलिव्हरच्या वादकवृंदांत लिल हार्डिन पियानो वाजवीत. लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘हॉट फाइव्ह’ मुद्रिकांतही त्याच वादक होत्या, शिवाय त्या रचनाकारही होत्या. लोकांच्या स्मरणांत मात्र त्या बहुतांशीं आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी म्हणूनच उरल्या.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच, कीं बखर व पत्र यांप्रमाणें तबकडीवरील कागद, नाटकाची जाहिरात व पदांचें पुस्तक हींही साधनें म्हणून तपासावींत, आणि ‘गाइलें कोणीं’ याबरोबर ‘चाल कोणाची’ हा प्रश्नही विचारावा. महाड-पोलादपूरकडील घरांतून जुन्या तबकड्या असतील, तर त्यांवरील सर्व मजकूर जसाचा तसा उतरून ठेवावा. वृद्ध स्त्रियांकडून ओव्या टिपून घेतांना म्हणणारीचें नांव व गांव, तिची संमति घेऊन, अवश्य लिहावें. पोवाड्यास जो न्याय मिळाला, तो ओवीस व चालीस मिळण्यास एवढा उद्योग पुरेसा नसला, तरी त्यावांचून आरंभ होणार नाहीं.