माशीला कोंडणारा कंदील

या, बसा टेकून, वीज काही इतक्यात यायची नाही. तोवर तुम्हाला एका कंदिलाचीच गोष्ट सांगतो. या कंदिलाला रॉकेल लागत नाही न् वातही लागत नाही. सह्याद्रीच्या कातळाळ पठारांवर, कड्यांच्या गवताळ उतारांवर तो भर पावसात उगवतो आणि आपल्या पोटात माश्या कोंडतो.

घाटावरची माणसं त्याला खर्पुडी म्हणतात, पुस्तकांत कंदीलपुष्प लिहितात आणि शास्त्रज्ञ सेरोपेजिया म्हणतात. कूळ म्हणाल तर आपल्या रुईचं. भारतात त्याच्या पन्नासावर जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा सह्याद्री सोडून जगात कुठं सापडत नाहीत. लॉवी नावाची हरिश्चंद्रगडावरची, मॅककॅनी सिंहगडाकडची, जैनी कासच्या पठारावरची, म्हणजे एकेका डोंगरानं आपापली लेक घरातच ठेवून घेतली म्हणा ना!

आता कातळावर माती ती किती, टीचभर. उन्हाळ्यात तिथं अनवाणी पाऊल ठेववत नाही आणि आषाढात तेच पठार पाण्यानं थबथबतं. अशा जागी बारमाही हिरवं राहणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून ही बाई चार महिने संसार करते न् उरलेलं वर्ष जमिनीखाली कंद होऊन झोपून काढते. मृग बरसला की कंदातून कोवळा दांडा निघतो, श्रावण-भाद्रपदात फुलं येतात, दिवाळी सरली की वरचा सगळा पसारा वाळून जातो, आणि तुम्ही त्याच जागेवर उभे राहिलात तरी इथं काही होतं असं वाटायचं नाही.

फूल जवळून बघायला मात्र गुडघे टेकावे लागतात. खाली फुगीर पोट, त्यावर बारीक नळी, आणि नळीच्या तोंडावर पाच पाकळ्या अशा उभ्या की पुष्कळ जातींत त्यांची टोकं वर एकमेकींना चिकटलेली असतात आणि मधल्या फटी खिडक्यांसारख्या उघड्या राहतात. माणसाच्या नाकाला जो वास धड कळतही नाही, तो चिलटाएवढ्या माशीला लांबून बोलावतो. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी 2016 साली दाखवून दिलं की दक्षिण आफ्रिकेतली यांचीच एक बहीण जखमी मधमाशीचा वास काढते, कारण अशा मधमाशीवर ताव मारणाऱ्या माश्या तिला हव्या असतात. केवढी ही नाटकी!

तर माशी खिडकीतून आत येते, गुळगुळीत नळीवर तिचा पाय घसरतो आणि ती थेट पोटात. ओढ्याला लावलेल्या बांबूच्या टोपलीत मासा शिरतो सुखानं, पण परतायला गेला की आत वळलेल्या काड्यांची टोकं त्याच्या तोंडावर येतात, तसंच इथं: नळीत केस असतात आणि सगळे खालच्या दिशेनं वळलेले. उतरताना वाट देतात, चढताना अडवतात. पोटाच्या तळाशी थोडा मध असतो, तेवढंच कैद्याला चहापाणी. माशी तो चाटायला लागली की तिच्या सोंडेला एक चिमटा बसतो आणि त्या चिमट्याला परागांची दोन पिवळी गाठोडी लटकलेली असतात.

एवढं झालं की साधारण दिवसभरात केस सुकतात, उभं फूल आडवं कलतं, आणि माशी गाठोडं घेऊन बाहेर पडते. आता शहाणी असती तर ती पुन्हा त्या वाटेला गेली नसती! पण दुसऱ्या फुलाचा वास आला की ही पुन्हा आत, आणि पराग तिथं पोचते झाले. तरी फुलं उमलतात त्या मानानं शेंगा फार थोड्यांना धरतात. धरली की शिंगांसारखी जोडी, तडकली की रुईच्याच रेशमी म्हाताऱ्या घेऊन बी वाऱ्यावर जातं.

खरी आफत वरच्या फुलाला नाही, खालच्या कंदाला आहे. गुरं राखणारी पोरं पूर्वी तो उकरून कच्चाच खायची. खुसखुशीत, गोडसर, मीही खाल्लाय. साळिंदर न् रानडुकरालाही तो आवडतो. पण डुकरानं खाल्लं ते खाल्लं, वर डोंगर खणला, रस्ता काढला, औषधी म्हणून गोणीनं कंद गेले, तर ज्या जातीचं घरच एका डोंगरापुरतं तिनं जावं कुठं? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादवांनी अशा कित्येक जाती जमवून, वाढवून जपल्या, ही मोठी गोष्ट.

भाद्रपदात पठारावर गेलात तर पावलं जपून टाका, फूल हातानं तोडू नका, आणि नेमकी जागा कुणा अनोळखी माणसाला सांगू नका. कंद उकरणारा तिथं दुसऱ्या दिवशी हजर होतो.