नागिणीची बीन आणि वरातीतला ऑक्टोपॅड
(लेखमाला : पडद्यावरचा आवाज, भाग 7)

धुळ्यात असो की जळगावात, अमळनेरला असो की साक्रीला, लग्नाची वरात मारुतीच्या पाराजवळ आली की बँडमास्तरकडे एक फर्माईश हमखास जाते : नागीण! कुणीतरी खिशातला रुमाल काढून दातात धरतो, दुसरा दोन्ही हात डोक्यावर जोडून फणा काढतो, आणि नवरदेवाचा मामा पन्नाशीतही रस्त्यावर लोळण घेतो. या सुरावर तीन पिढ्या नाचल्या. ती बीन मुळात विजेवर वाजली होती, हे मात्र नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. सिनेमातलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत म्हटलं की आपल्याला गेल्या दहा-पंधरा वर्षांतली धडधडणारी गाणी आठवतात. खान्देशाच्या रस्त्यावर ते त्याच्या कितीतरी आधी येऊन पोचलं होतं.

‘नागिन’ 1954 चा. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, नायिका वैजयंतीमाला, संगीत हेमंतकुमारांचं. पडद्यावर गारुडी पुंगी फुंकतो, पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पुंगी नव्हती. तिथे क्लॅव्हायोलिन नावाचं वाद्य होतं आणि ते वाजवत होते कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढे ‘कल्याणजी-आनंदजी’ या जोडीतले कल्याणजी. त्यांच्या साथीला हार्मोनियमवर होते रवी, तेव्हा हेमंतकुमारांचे सहायक आणि नंतर स्वतः नामवंत संगीतकार.

हे वाद्य नीट पाहण्यासारखं आहे. फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी ते 1947 च्या सुमारास तयार केलं. तीन सप्तकांची छोटी पट्टी, आत काचेचे व्हॉल्व्ह, शेजारी ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी. एका वेळी त्यातून एकच स्वर निघतो. दोन पट्ट्या दाबल्या तरी वाजते एकच. पियानोची पट्टी दाबली की सूर ठणकतो आणि विरत जातो. इथे बोट पट्टीवर असेपर्यंत सूर तसाच ताणलेला राहतो, श्वास न तुटता. विजेची लहर अशी घडवलेली, की मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर भरपूर ऐकू येतात आणि आवाजाला नाकातून आल्यासारखी धार चढते. सुराला थरथर देण्यासाठी खटके असतात आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायची दांडी असते. वाजवणाऱ्याचे हात त्यामुळे मोकळे राहतात. अखंड, नाकातला आणि थरथरता, हे तिन्ही गुण पुंगीचेच आहेत. कल्याणजींनी ते हेरले. यंत्र परदेशी असलं तरी त्यातून कुठला आवाज काढायचा हे इथल्या कानाने ठरवलं.

पुढे हेच क्लॅव्हायोलिन इंग्लंडमध्ये 1962 साली ‘टेलस्टार’ या गाजलेल्या वाद्यधुनेत वाजलं आणि 1967 मध्ये बीटल्सच्या एका गाण्यातही. आपल्याकडची बीन त्या दोन्हींच्या आधीची आहे. मराठी वाचकाने हे अभिमानाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

हा आवाज खान्देशाने इतक्या लवकर का आपला मानला, याचं एक कारण मला साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात दिसतं. तिथल्या कोकणा आणि इतर आदिवासी पाड्यांवर डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. वाळवलेला भोपळा, त्याला बसवलेल्या पोकळ नळ्या आणि टोकाला शिंग. गाल फुगवून वादक श्वास असा फिरवतो की सूर मध्ये कुठे थांबतच नाही, आणि त्याच्याभोवती रात्र रात्र माणसं नाचतात. भोपळ्यातून येणारा, न तुटणारा, नाकातला सूर आणि त्यावर नाच, ही जोडी या मुलखाला सिनेमाने शिकवलेली नाही. सिनेमाची बीन आली तेव्हा कान तयार होते.

बँडवाल्यांकडे क्लॅव्हायोलिन कुठून असणार? सुरुवातीला क्लॅरिनेटवरच नागीण वाजायची. मग 1980 नंतर स्वस्त कीबोर्ड आले आणि बँडच्या गाडीवर कॅसिओ चढला. म्हणजे विजेवर जन्मलेली धून पितळी आणि लाकडी वाद्यांमधून फिरून पुन्हा विजेवर आली.

त्याच सुमारास हिंदी सिनेमात डिस्को शिरला. ‘कुर्बानी’ 1980 चा. त्यातलं बिद्दूंनी लंडनमध्ये मुद्रित केलेलं, नाझिया हसनने गायलेलं गाणं गावोगावच्या पानटपऱ्यांवर वाजलं. चित्रपटातली बाकीची गाणी होती कल्याणजी-आनंदजींची. ‘नागिन’च्या बीनवाल्याचं नाव असं पुन्हा एकदा विजेच्या ठेक्याशेजारी येतं. दोनच वर्षांनी ‘डिस्को डान्सर’ आला आणि बप्पी लाहिरींनी तो ठेका तालुक्याच्या टुरिंग टॉकीजपर्यंत नेला. डिस्कोच्या ठेक्याचं गणित सोपं आहे : चार मात्रा आणि चारही मात्रांवर बासड्रमचा ठोका, मिनिटाला साधारण 120. आजच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा कणा हाच. ज्याला आपण ‘ड्रॉप’ म्हणतो त्याची कृतीही ठरलेली आहे. खालचा जाड ठोका काढून घ्यायचा, वरचा आवाज हळूहळू चढवत न्यायचा, टाळ्यांची किंवा स्नेअरची गती दुप्पट, मग चौपट करायची, क्षणभर सगळं बंद करायचं आणि ठोका व बास एकदम परत सोडायचा. शरीर ज्याची वाट पाहत होतं ते मिळतं आणि माणूस उसळतो.

आता वरातीकडे परत येऊ, कारण माझा मुद्दा तिथे आहे.

बँडच्या गाडीवर कॅसिओशेजारी स्टँडवर एक चौकोनी पाटी असते, तीवर रबराचे आठ चौकोन. तो ऑक्टोपॅड. रोलँड कंपनीने 1985 मध्ये पहिला काढला आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी, मग बँडांनी तो उचलला. काठी रबरावर पडते, आतला सेन्सर तो धक्का मोजतो आणि साठवलेला आवाज त्याच जोराने बाहेर टाकतो. एका चौकोनावर ढोलकीची थाप, दुसऱ्यावर संबळ, तिसऱ्यावर हलगी, चौथ्यावर डिस्कोचा बासड्रम. दोन काठ्या हातात असलेला विशीतला पोरगा एकटाच चार-पाच वादकांचं काम करतो. पण तो पुढे बघून वाजवतो. समोरचा नवरदेवाचा भाऊ दमला की ठेका सैल करतो, बायका पुढे आल्या की चार मात्रांचा ठेका सोडून सहा मात्रांच्या झोकात शिरतो, आणि चौकात पोचल्यावर मास्तरच्या एका नजरेवर गती वाढवतो. सिनेमातलं गाणं पाच मिनिटांचं असतं, इथे त्याचा मुखडाच वीस मिनिटं चालतो. मधल्या संगीताचे तुकडे गळून पडतात, नाचाला लागतं तेवढंच उरतं. मुंबईच्या स्टुडिओत ज्याला रीमिक्स म्हणतात ते काम बँडमास्तर चालत चालत करतो, आणि माझ्या मते अधिक चांगलं करतो.

सिनेमालाही हे उमगलेलं आहे. अमित त्रिवेदींनी 2009 च्या ‘देव डी’मध्ये एक गाणं चक्क लग्नाच्या बँडच्या ढंगात बांधलं. ‘सैराट’ 2016 चा. त्यासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद मुद्रित केला, पण वरातीने त्यातून उचललं ते ‘झिंगाट’.

अलीकडे उलटा प्रवाहही सुरू झाला आहे. ‘हाई झुमका वाली पोर’सारखी अहिराणी गाणी सिनेमाशिवाय, यूट्यूबवरून कोट्यवधी वेळा पाहिली गेली. ठेका संगणकावर बांधलेला, बोली मात्र घरातली. पुण्यामुंबईच्या लग्नांत अहिराणी न येणारी माणसंही त्यावर नाचतात. ज्या बोलीत बोलायला शहरात गेलेली पोरं लाजत होती, तिला या यंत्राच्या ठेक्याने मान मिळवून दिला. याचं मला मनापासून कौतुक आहे.

काळजी आहे ती डीजेच्या गाडीची. ट्रकवर रचलेल्या बॉक्सच्या भिंतीतून तीच गाणी येतात, पण तिथे पुढे बघून वाजवणारा कुणी नसतो. ड्रॉप कधी येणार हे आधीच ठरलेलं असतं, समोर कोण दमलं आहे याचा त्याला पत्ता नसतो. शिवाय खालचे जाड सूर उघड्या रस्त्यावर ऐकू यावेत म्हणून हवा फार मोठ्या प्रमाणात ढकलावी लागते, त्यासाठी बॉक्स वाढवावे लागतात. हे सूर भिंतींनी अडत नाहीत, घरात शिरतात, भांडी वाजवतात. आवाज 3 डेसिबलने वाढला म्हणजे त्याची ऊर्जा दुप्पट झाली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. हळदीच्या रात्री हे किती पाळलं जातं ते आपण सारे जाणतो.

मी इलेक्ट्रॉनिक आवाजाच्या विरोधात नाही; या लेखात त्याचंच गुणगान केलं आहे. पण तो आवाज माणसाच्या हाताखाली असावा. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना माझी विनंती आहे : वरातीसाठी डीजेऐवजी गावातला बँड सांगा, त्यांचा कॅसिओ आणि ऑक्टोपॅड असू द्या, आणि सुपारी देताना हळदीच्या रात्री दहाला थांबायचं हेही ठरवून घ्या.

पुढच्या आठवड्यात चरणजित सिंग यांच्याविषयी. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलाकाराने 1982 मध्ये तीन जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात मुद्रित केले होते.