पत्रीचे मोल आणि परसातले धन

श्रावणाची झड ओसरू लागली, आंबा घाटाकडील डोंगर धुक्यातून अधूनमधून दर्शन देऊ लागले, की मलकापूरच्या घराघरांत गणरायाच्या आगमनाची लगबग सुरू होते. आरास, नैवेद्य, पाहुणेरावळे यांचा विचार पुष्कळ आधीपासून होतो. पत्रीची आठवण मात्र बहुधा हरतालिकेच्या आदल्या सायंकाळी येते! मग बाजारात धाव घ्यायची, दोऱ्याने बांधलेली जुडी आणायची आणि तिच्यात कोणती पाने आहेत हे न पाहताच ती देवास वाहायची, असा प्रकार अलीकडे अनेक घरांत होऊ लागला आहे. आमच्याही घरी होत असे, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

पूर्वी तसे नव्हते. विशाळगडकर पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे असलेल्या या गावातील जुन्या घरांना परस असे. परसात आड, आडाशी केळ, कुंपणाला जाई आणि कोपऱ्यात कण्हेर हा ठरलेला थाट. पुढे घरे वाढली, परस आकसले, उरलेल्या जागेवर फरशी आली. आमचाही परस असाच फरशीखाली गेला. म्हणून यंदा आम्ही संकल्प केला की, गणपतीची एकवीस पत्री आपल्याच अंगणात कुंड्यांतून लावावी, आणि मोठ्या उमेदीने रोपवाटिकेत गेलो.

तेथे भाव ऐकून उमेद थोडी ओसरली. तुळस ३० रुपये, मरवा ४०, जाई ८०, मधुमालती ८०, डाळिंब १००, शमी १२०, बेल १५०. सात रोपांतच ६०० रुपये झाले. कुंड्या, माती आणि खत यांचा खर्च वेगळाच. महिन्याचे वाणसामान तोलूनमापून भरणाऱ्या संसारात ही रक्कम लहान नव्हे. “देवाच्या पानालाही इतका भाव?” असे उद्गार आमच्या तोंडून निघून गेले.

रोपवाटिकेचे वयोवृद्ध मालक रागावले नाहीत. त्यांनी आम्हांस शांतपणे हिशेब समजावून सांगितला. जिवंत रोपावर वस्तू व सेवा कर नाही, हे खरे. परंतु पिशवी, खत, नारळाच्या काथ्याचा भुसा, मजुरी आणि डिझेल या सर्वांचे दर चढत गेले आहेत. शोभेची पुष्कळ झाडे तर आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या कडियम येथील प्रसिद्ध रोपवाटिकांतून येतात, त्यांवर शेकडो मैलांचे गाडीभाडे चढते. शिवाय आमच्या भागातील पावसात कितीतरी रोपे कुजतात. “मेलेल्या रोपाचा खर्च जगलेल्या रोपाला फेडावा लागतो,” हे त्यांचे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. भाव अन्यायाचा नव्हता. मग चूक कोठे होती?

घरी येऊन एकवीस पत्रींची यादी पुढे ठेवली, तेव्हा ती सापडली. मधुमालती, माका, बेल, पांढऱ्या दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा आणि अगस्ती म्हणजे हादगा. यांपैकी किती विकत घ्यावयास हवीत? माका शेताच्या ओल्या बांधावर आपोआप उगवतो. आघाडा, डोरली, धोतरा आणि रुई रस्त्याच्या कडेने भेटतात. पिंपळ तर भिंतीच्या फटीतही रुजतो. तो घराशी ठेवू नये, पण त्याचे एक पान मागून आणण्यास अडचण ती कोणती?

राहिलेल्यांपैकी बहुतेक रोपे घरीच होतात. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या चोळून मातीवर टाकल्या की रोपे उगवतात. हादगा बियांपासून झपाट्याने वाढतो. दूर्वांचा मुळांसह एक तुकडा पुरतो. जाई, मधुमालती, कण्हेर, मरवा व डाळिंब यांच्या फांद्या लावूनही रोपे तयार होतात. जाई किंवा कण्हेरीची पेन्सिलीएवढ्या जाडीची, चार-पाच डोळ्यांची फांदी तिरपी कापावी, खालची पाने काढावी, दोन डोळे मातीत जातील अशी ती रोवावी आणि सावलीत ठेवावी. आपल्याकडील पावसात कुंडीच्या तळाचे भोक बुजू देऊ नये, एवढी काळजी मात्र हवीच. कण्हेर, धोतरा व रुई विषारी असल्याने ती लहान मुले आणि गुरे यांच्यापासून दूर असावीत. बेल बियांपासून येतो, पण त्यास धीर लागतो. ज्यांना तो धीर नाही त्यांनी बेलाचे रोप खुशाल विकत घ्यावे. रोपवाटिकेच्या श्रमांनाही मोल आहेच.

काही झाडांचा मात्र हट्ट धरू नये. शमी म्हणजे आपली सौंदड, राजस्थानातील खेजडी. ती कोरड्या मुलखाची. गतवर्षी हौसेने आणलेली आमची शमी आषाढाच्या पाण्यातच गेली. देवदार हिमालयाचा, केवडा कोकणच्या किनाऱ्याचा. पूजेच्या संकल्पातच आपण म्हणतो की, जे उपचार मिळाले त्यांनी ही पूजा करीत आहोत. न मिळालेल्या पत्रीच्या जागी भक्तिभावाने अक्षता वाहिल्या तर गणराय रुसतील, असे आम्हांस वाटत नाही. उलट जुडीसाठी रानातली कोवळी झाडे ओरबाडली जातात, त्याचे मात्र त्यांना दुःख होत असेल.

मोठी झाडे लावू इच्छिणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सव आजही दर पावसाळ्यात होतो आणि त्या काळात शासकीय रोपवाटिकांतून सवलतीच्या दराने रोपे मिळू शकतात. अर्जुन, बेल यांसारखी झाडे अंगणात मावणार नाहीत. आळीने मिळून ती देवळाच्या आवारात लावावीत, म्हणजे पुढील पिढीची पत्री तेथेच तयार होईल.

आमच्या भगिनींस एक विनंती. हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकच्या डब्या व वाट्या लुटतो. त्याऐवजी करवंटीत रुजवलेली तुळस किंवा मरव्याची फांदी वाण म्हणून दिली तर? आम्ही यंदा शेजारच्या आजींकडे जाईची फांदी मागितली. त्यांनी ती दिलीच, वर म्हणाल्या, “ही माझ्या सासूबाईंच्या हातची. फुलली की मला ओंजळभर आणून द्या.” हे मोल कोणत्या रोपवाटिकेत मिळणार?

गणरायापाठोपाठ गौरी येईल. आपल्याकडे अनेक घरी ती तेरड्याच्या रोपांच्या रूपाने येते. भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर फुललेला तेरडा, ना कोणी लावलेला, ना कोणी विकलेला. माहेरवाशीण म्हणून तीच उंबरा ओलांडते. तो आणताना सारा उपटू नये, बी पडण्यापुरता जागेवर राहू द्यावा, म्हणजे पुढील वर्षीही गौर वाट चुकणार नाही.

सहाशे रुपयांपैकी आम्ही शेवटी दीडशेच खर्च केले, ते बेलाच्या रोपावर. यंदाच्या पूजेत आमच्या घरची पत्री अकराच असेल. बाकीची गणरायांनी पुढील वर्षांसाठी उधार ठेवावी, एवढीच त्यांच्या चरणी प्रार्थना.